चौदावी बॅच

१

अर्पिता शेळकेची तीन वर्षं एका शुक्रवारी सकाळी काचेच्या भांड्याच्या तळाशी जाऊन बसली.

दिवाळीची सुट्टी लागून आठवडा झाला होता. मोताळ्याबाहेर, सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरांमध्ये उभं असलेलं ते फार्मसी कॉलेज ओस पडलं होतं. वसतिगृहाला कुलूप, कॅन्टीनच्या खुर्च्या एकावर एक चढवलेल्या. संशोधनाच्या प्रयोगशाळेत तेवढी अर्पिता होती. तिच्यासमोर सहा काचेची भांडी होती, त्यात अंगाइतकं कोमट पाणी, आणि वल्ह्यासारख्या सहा पात्या एका लयीत फिरत होत्या. औषध पोटात गेल्यावर किती वेळात विरघळेल, ते पाहायचं हे यंत्र. पंधरा मिनिटं झाली, तीस झाली. पांढरी भुकटी बुडाशी वाळूसारखी पडून राहिली.

तिनं बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. बॅच चौदा. अक्षर तिचंच. याच बाटलीतली भुकटी सोमवारी पंधरा मिनिटांत नव्वद टक्के विरघळली होती. आज अठरा.

दुपारी मंजुश्री चोपडेंचा फोन वाजला. औषध निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना अडीच वर्षं झाली होती. बनावट गोळ्यांचे अड्डे हुडकत त्यांनी निम्मा विदर्भ पालथा घातला होता. आता मोताळ्यात, आईच्या मागं राहिलेल्या घरात एकट्याच असत. फोनवर एखाद्या कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज निघाला, तरी त्या तो शेवटपर्यंत ऐकून घेत.

या वेळी माणसाचा आवाज होता. डॉ. शेखर नाफडे, अर्पिताचे मार्गदर्शक.

"मॅडम, जरा कॉलेजात येता का? पोलिसात जाण्यासारखं नाही, आणि गप्प बसण्यासारखंही नाही. बुधवारी नागपूरहून परीक्षक येतायत."

"झालं काय?"

"एक तर कोणीतरी माझ्या विद्यार्थिनीचं औषध बिघडवलंय." डॉक्टर थांबले. "नाहीतर तीन वर्षं ती मला खोटे आकडे दाखवत होती."

२

अर्पिता तिशीच्या आतली, काटकुळी मुलगी होती. हिवरा आश्रमची. डोळे लाल होते, पण बोलणं नेटकं.

"पोटातल्या जंतांवरचं जुनं औषध आहे, मॅडम. पण पाण्यात विरघळतच नाही. गोळी घेतली तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. मी औषध बदललं नाही, त्याचा स्फटिक बदलला. आधी ते एका द्रावकात विरघळवते, मग जोरात ढवळत असलेल्या गार पाण्यात थेंब थेंब सोडते. ते इतक्या घाईनं बाहेर पडतं, की नीट रचून बसायला त्याला सवडच मिळत नाही. पातळ पापुद्रे तयार होतात."

"आणि पापुद्रे लवकर विरघळतात?"

"विटा त्याच असतात, मॅडम. पण एक भिंत सिमेंटनं बांधलेली आणि एक नुसती रचलेली. रचलेली भिंत पाणी लागलं की ढासळते."

मंजुश्रीबाईंना मुलगी आवडली. पण आवडलेली माणसंही खोटं बोलतात, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

"सोमवारपासून क्रमानं सांग."

"सोमवारी चौदावी तपासली, उत्तम आली. बाटलीला टेप लावली, ओल लागू नये म्हणून काचेच्या हंडीत ठेवली. मंगळवारी मी नव्हते, बुलढाण्याला दाढ काढायला गेले होते. बुधवारी पंधरावी बॅच केली. ती बिघडली. गुरुवारी सोळावी, तीही बिघडली. मग आज मी चौदावी काढली, म्हटलं निदान ही तरी…"

"थांब. नव्या बॅच आधी बिघडल्या?"

"हो."

मंजुश्रीबाईंनी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. कोणी बाटलीच बदलली असती, तर नव्या बॅच बिघडायला नको होत्या. कोणी द्रावकात काही कालवलं असतं, तर बंद बाटलीतली चौदावी बिघडायला नको होती. दोन्ही बिघडल्या, म्हणजे कारण बाटलीच्या आतही होतं आणि बाहेरही.

"बाटली उघडताना काही वेगळं वाटलं?"

अर्पितानं आठवून पाहिलं. "टेप लगेच निघाली. एरवी मला नखानं उकरावी लागते. या वेळी टोक आत दुमडलेलं होतं. वाटलं, सोमवारी मीच तसं केलं असेल."

"घरी कधी गेली होतीस?"

"पोळ्याला." ती खिडकीबाहेर पाहू लागली. "दिवाळीला ये म्हणत होते. म्हटलं, एकदाचं हे संपवूनच येते. मॅडम, आता माझ्याच वहीवरचे आकडे मला खरे वाटेनासे झालेत. एवढं एकटं बसून काम केलं की कोणी साक्षीदारच नसतो."

मंजुश्रीबाईंनी वही मिटली. "मंगळवारी किल्ली कोणाकडे होती?"

३

किल्ल्या तीन होत्या. एक अर्पिताकडे, एक तिचा सोबती संशोधक हर्षल तायडेकडे, आणि एक परिचर ज्ञानेश्वरकडे.

हर्षल गुडघा हलवत बसला होता. त्याचं स्वतःचं काम दीड वर्षं अडलेलं होतं.

"मले तिची जळण होते, मॅडम. खोटं काऊन बोलू?" तो म्हणाला. "सोमवारी ती जेवायले गेली तवा तिच्या वहीचे फोटो काढले मी. माझ्या औषधाले तिची रीत लावून पाहाची होती. इचारायची लाज वाटली."

"बाटली उघडली?"

"नाई. बाटली उघडून मले काय भेटणार होतं? मले त तिची रीत चालावी असंच वाटे. ती फसली त मीबी फसलो."

मंगळवारी तो शेगावला होता. बहीण गाडीनं येणार होती, तिला स्टेशनवर उतरवून घेतलं, लॉजवर पोचवलं, पाचच्या सुमारास परतला. बहिणीनं फोनवर तेच सांगितलं, आणि वर, भावानं वाटेत एक शब्द काढला नाही अशी तक्रारही केली.

डॉ. नाफडे मंगळवारी दिवसभर अमरावतीला विद्यापीठात होते. त्यांचं आणि अर्पिताचं मध्यंतरी वाजलं होतं; शोधनिबंधावर आधी कोणाचं नाव, यावरून. त्यांनी ते लपवलं नाही.

"माझं चुकलं होतं. पण मॅडम, ती बुडाली तर मार्गदर्शक म्हणून माझं नाव तिच्या आधी बुडतं. परीक्षकांना मी काय सांगू? सोमवारी दुपारपर्यंत कारण सापडलं नाही, तर आकडे संशयास्पद आहेत असं मला लिहूनच द्यावं लागेल."

उरला ज्ञानेश्वर. पंचवीस वर्षं कॉलेजची भांडी धुतलेला माणूस. त्याच्या तळहाताची कातडी साबणानं पांढुरकी झाली होती.

"मंगळवारी मी व्हरांड्यातच बसेल होतो, बाई. दुपारी दोनले लाईन गेली, चारले आली. लॅब उघडीच होती, हवा लागाव म्हणून. पण बाहेरचं कुत्रंबी आलं नाई. गजानन महाराजांची आन."

मंजुश्रीबाईंनी आयुष्यभर माणसांचे डोळे वाचले होते. ज्ञानेश्वर खरं बोलत होता.

मग किल्ली असलेल्या तिघांपैकी एकाचाही हात तिथं पोचत नव्हता. आणि तरीही बाटली उघडली गेली होती.

४

शनिवारी त्या एकट्याच प्रयोगशाळेत जाऊन बसल्या. काही शोधायला नाही, नुसत्या पाहायला. रिकाम्या खोल्यांची त्यांना सवय होती. रिकामी खोली गप्प राहते, पण तिच्यात काय हललं ते लपवत नाही.

पश्चिमेच्या खिडकीपाशी कोपऱ्यातल्या कट्ट्यावर जुन्या वस्तू ठेवलेल्या होत्या. मोडका तराजू, रबरी नळ्यांची वेटोळी आणि एक पितळी सूक्ष्मदर्शक. तराजूवर बोटभर धूळ होती. नळ्यांवरही. सूक्ष्मदर्शक मात्र पुसलेला होता.

त्यांनी हर्षलला आणि अर्पिताला हाक मारली. "हर्षल, यातून मला काहीतरी दाखव बरं."

हर्षलनं तो फिरवून पाहिला, खाली वाकला, मागं हात घातला. "याची वायर कुठं हाय?"

"अर्पिता, तू?"

"मी कधी हातच लावला नाही, मॅडम. आम्ही तो कॅमेऱ्याचा वापरतो, कॉम्प्युटरला जोडलेला."

मंजुश्रीबाई मान डोलावून हसल्या. त्या जुन्या यंत्राला वायर नव्हतीच. खाली एक गोल आरसा होता. उजेड आरशावर घ्यायचा आणि वरच्या काचपट्टीकडे वळवायचा. त्या हे अमरावतीला कॉलेजात शिकल्या होत्या, तेव्हा लाईटचे सूक्ष्मदर्शक कुठं होते! आरसा आता पश्चिमेकडे कललेला होता.

म्हणजे कोणीतरी वीज नसताना, ऊन पश्चिमेकडे झुकल्यावर, इथं बसून काहीतरी पाहिलं होतं. मंगळवारी, दोन ते चारच्या मधे.

ही गोष्ट त्यांना खटकत राहिली. चोर पाहत बसत नाही, घेऊन जातो. बिघडवणारा पाहत बसत नाही, बिघडवून जातो. काचपट्टी लावून, आरसा जुळवून, डोळा टेकवून पाहतो तो त्या वस्तूत जीव अडकलेला माणूस.

ज्ञानेश्वर फरशी पुसत होता. "ही दुर्बीण कोणाची रे?"

"ते? ते त सोनुने सरांची. त्याइच्याशिवाय कोनाले येते ते चालवता?"

मंजुश्रीबाईंचा हात आरशावरच राहिला. "मंगळवारी सर आले होते?"

"सर त रोजच येतात, बाई." ज्ञानेश्वरनं नवलानं वर पाहिलं. "तुमी बाहेरच्याचं इचारलं होतं."

५

भगवंतराव सोनुने शहात्तर वर्षांचे होते. अमरावतीला ते तरुण प्राध्यापक असताना मंजुश्रीबाई त्यांच्या पहिल्या बाकावर बसत. पुढं सर आपल्या गावी, या कॉलेजात आले आणि इथूनच निवृत्त झाले. बायको गेली, मुलगा बंगळूरला. तरी सकाळी दहाला इस्त्रीचा सदरा घालून ते कॉलेजात जात, जुन्या वाचनालयात बसत, कोणी अडलं तर समजावून सांगत. परतताना साडेचारला मंजुश्रीबाईंकडे चहा. या घरात अडीच वर्षांत दुसरं कोणी नेमानं आलं नव्हतं.

निघण्याआधी मंजुश्रीबाईंनी ज्ञानेश्वरकडून भांडारातलं एक कपाट दाखवून घेतलं. सरांचं. दाराच्या फटीतून बाटल्यांची रांग दिसत होती. चिठ्ठ्यांवर पिवळी पडलेली शाई, आणि औषधाचं नाव तेच, अर्पिताचं.

"अकरा वर्स केलं सरनं यावर," ज्ञानेश्वर म्हणाला. "त्याइच्या मॅडम गेल्यावर सोडून देल्लं. कोनाशी काई बोलले नाई."

मंजुश्रीबाईंशीही सर कधी बोलले नव्हते.

साडेचारला सर आले. नेहमीसारखी चप्पल जोडीनं लावून, नेहमीच्या खुर्चीत बसले. "काय म्हणतो तुझा तपास?"

"चालू आहे."

त्या चहा टाकायला आत गेल्या. फळीवर शेगावहून आणलेल्या फुटाण्यांची पुडी होती. गेल्या आठवड्यात सरांनीच ती टेप लावून बंद केली होती. मंजुश्रीबाईंनी पुडी उजेडात धरली. टेपचं टोक नीट आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखानं उकरायला लागू नये म्हणून. सर नेहमीच तसं करत. त्यांच्या या सवयीचं त्यांना किती कौतुक वाटायचं!

आणि मंगळवारी सर तासभर उशिरा आले होते. ऑटो मिळाला नाही म्हणाले. मोरीतल्या नळावर तीनदा साबण लावून हात धुतले होते.

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, उरलेला दोन कपांत गाळला आणि बाहेर आणून दिला. विचारायचं ते विचारलं नाही. सरांनी पावसाळा लांबल्याचं काहीतरी सांगितलं, त्यांनी ऐकलं. सर गेल्यावर दोन्ही कप तसेच समोर ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला मुद्दाम सोडलं नव्हतं. आज सोडलं होतं.

रविवार तसाच गेला. सर आले नाहीत. पाय दुखतोय असा निरोप आला. मंजुश्रीबाईंना वाटलं, आपण काहीच केलं नाही तर काय होईल? एक मुलगी हिवरा आश्रमला परत जाईल, खोटी ठरून. आणि साडेचारला चहाला दोन कप लागत राहतील.

सोमवारी सकाळी दहाला त्यांनी स्कूटी काढली.

६

सर वाचनालयात खिडकीजवळ बसले होते. समोर पुस्तक उघडं, पण नजर त्यावर नव्हती.

"सर, मंगळवारी चौदावी बाटली तुम्ही उघडलीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "टेपवरून ओळखलंस?"

"टेपवरून, आरशावरून, आणि तुम्ही माझ्याकडे हात धुतलेत त्यावरून. पण का, ते मला कळलं नाही."

सरांनी समोरचं पुस्तक मिटलं.

"अकरा वर्षं मी हे औषध केलं, मंजू. दर वेळी सुयाच यायच्या. जाड, बोथट सुया. पाण्यात पडल्या की पडूनच राहणार. तुझी वहिनी म्हणायची, सोडा आता. ती गेल्यावर सोडलं. आणि एक दिवस ही पोरगी धावत येऊन सांगते, सर, पापुद्रे आले! मला नुसतं पाहायचं होतं. माझी सुई आणि तिचा पापुद्रा शेजारी शेजारी ठेवून."

"तिला विचारलं असतं तर तिनं आनंदानं दाखवलं असतं."

"मग सांगावं लागलं असतं ना, की मीही हेच करत होतो आणि मला जमलं नाही." ते थोडं हसले. "लाईन गेली होती. मी माझी बाटली आणली, तिची उघडली, दोन काचपट्ट्या केल्या. काय दिसत होते गं ते पापुद्रे! अभ्रकासारखे. मी तासभर पाहत बसलो. दोन्ही बाटल्या उघड्याच होत्या. चारला लाईन आली आणि डोक्यावरचा पंखा सुरू झाला. त्याचं बटण चालूच राहिलं होतं."

मंजुश्रीबाईंच्या मनात आता सगळं जागच्या जागी बसलं. बाटलीच्या आत आणि बाहेरही.

"तुमची भुकटी उडाली."

"दुधाला विरजण किती लागतं? एक थेंब. माझी सुई म्हणजे विरजण. सुईची रचना पक्की, पापुद्र्याची कच्ची. पक्की एकदा शेजारी येऊन बसली, की कच्ची तिच्यासारखी व्हायला लागते. बाटलीत हळूहळू, पाण्यात पडल्यावर झपाट्यानं. डोळ्याला दिसणार नाहीत असे कण तिच्या भांड्यांवर, तराजूवर, भिंतीवर बसलेत. आता त्या खोलीत तिनं शंभर वेळा केलं तरी सुयाच येणार. ती पोरगी खोटी नाही, मंजू. तिचा एकही आकडा खोटा नाही."

"हे तुम्हाला मंगळवारीच कळलं?"

"बुधवारी. मंगळवारी नुसती शंका होती, तिची पंधरावी बिघडली तेव्हा खात्री झाली."

"आज सोमवार आहे, सर."

त्यांचा आवाज एकदम बदलला. इतक्या वर्षांत शिकवताना कधी न निघालेली घरची बोली बाहेर आली. "बोललो असतो त मले म्हणले असते, येऊ नका. बराबरच म्हणले असते. मंग मी सकाळी उठून जाऊ कुठं?"

अडीच वर्षं रोज सकाळी मंजुश्रीबाईही स्वतःला तेच विचारत होत्या, फक्त मोठ्यानं नाही.

"बारा वाजता नाफडे लिहून देणार आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मले एक तास दे."

सर उठले. व्हरांड्यातून डॉ. नाफडेंच्या खोलीकडे निघाले. दारापाशी आले, पण थांबले नाहीत. तसेच पुढं गेले, पायऱ्या उतरले, आणि रस्त्यावर आलेल्या ऑटोला हात करून त्यात बसले.

ऑटो मोताळ्याच्या दिशेनं दिसेनासा झाला.

७

पावणेबारा झाले. मंजुश्रीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. आत जाऊन सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती त्यांनी मनात चारदा जुळवली आणि चारदा मोडली.

बाराला पाच कमी असताना ऑटो परत आला. सर उतरले. केस ओले होते, अंगावर नुकतीच घडी मोडलेला कोरा सदरा. ते अर्पिताचे पापुद्रे आता स्वतःच्या अंगावरच्या कणांपासून जपत होते, हे मंजुश्रीबाईंना कळायला क्षणभर लागलं. प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. बाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. डॉ. नाफडे, हर्षल, ज्ञानेश्वर, सगळे ऐकत होते. सरांनी एकदाही वय, एकटेपण किंवा अकरा वर्षं मधे आणली नाहीत. काय केलं, केव्हा केलं, आणि कळूनही किती दिवस लपवलं, एवढंच.

हर्षल पुटपुटला, "अन् मले वाटे, माझीच नजर लागली."

अर्पिता रडली नाही. ती उंबऱ्यापर्यंत आली.

"गुरुवारी तुम्ही माझ्याशेजारी बसून चहा प्यालात, सर. मी म्हणाले, मला वेड लागेल. तुम्ही म्हणालात, धीर धर."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

ती वळून आत गेली. आतून भांडी एका खोक्यात भरल्याचा आवाज येऊ लागला. सर पायऱ्या उतरले. डॉ. नाफडे त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "सर, यापुढं… तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय बुवा," सर म्हणाले. "मीही तेच सांगणार होतो."

८

परीक्षकांनी कारण ऐकलं आणि सहा आठवडे दिले. बिघडलेल्या तिन्ही बॅचमधला स्फटिक आणि सरांच्या कपाटातली सुई अमरावतीला तपासल्यावर एकच निघाली, त्यामुळे अर्पिताचे आकडे खोटे म्हणायला कोणाला जागा उरली नाही. पण नुसतं खरं असून भागत नव्हतं, पुन्हा करून दाखवायचं होतं.

मंजुश्रीबाईंना आधी वाटलं, आपल्या वरच्या मजल्यावर अर्पिताला जागा द्यावी. या घरात येतं कोण? मग आठवलं की सर येत होते. सदऱ्यावर काय काय घेऊन आले असतील, कोण सांगणार? शेवटी मेहकरच्या एका विज्ञान महाविद्यालयात नुकतीच बांधलेली, अजून न वापरलेली खोली मिळाली. नवी भांडी, नवं औषध, यंत्रही दुसरीकडून आणलेलं. कॉलेजातल्या कोणी तिकडं फिरकायचं नाही. अर्पिता हिवरा आश्रमहून येऊन जाऊन काम करू लागली. जुने कपडे तिनं घरीही नेले नाहीत.

डिसेंबरात तिचा फोन आला. "मॅडम, एक्याण्णव टक्के. परीक्षक शेजारी उभे होते."

मंजुश्रीबाईंनी अभिनंदन केलं. फोन ठेवून घरात एक फेरी मारली. सांगायला कोणी नव्हतं. सर त्या सोमवारनंतर आलेच नव्हते.

चार दिवसांनी अर्पितानं पुन्हा फोन केला. "मॅडम, पापुद्र्याची सुई कशी होते, यावर परीक्षकांनी एक वेगळं प्रकरण लिहायला सांगितलंय. सुईच्या नोंदी सरांशिवाय कोणाकडेच नाहीत, काही पानांचे फोटो मी पाहिलेत. सरांच्या वह्या मला इथं आणता येणार नाहीत, पानांवर कण असतील. त्या कोणी वाचून दाखवल्या तर?"

"तू त्यांना माफ केलंस का?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण नोंदी चांगल्या आहेत."

निरोप सरांना पोचवला. दुसऱ्या दिवशी ते वह्यांची पिशवी घेऊन आले. रोज दुपारी तासभर मंजुश्रीबाईंच्या बैठकीत फोन मधे ठेवून ते वाचत: तारीख, तापमान, द्रावक, ढवळण्याचा वेग, आलेल्या सुयांची लांबी. पलीकडून अर्पिता लिहून घेई. कुठं अडली तर विचारी, सर समजावून सांगत. त्या दोघांत कामाबाहेरचा शब्द होत नव्हता. एकदा एका नोंदीशी अर्पिता म्हणाली, "सर, इथं तुम्ही पाणी दोन अंशांनी गार घेतलं असतं तर तुम्हालाही पापुद्रे आले असते." सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पुढचं लिही."

नवव्या दिवशी वह्या संपल्या. अर्पितानं आभार मानले, प्रबंधात नाव घालीन म्हणाली, आणि फोन ठेवला. सरांनी वह्या पिशवीत भरल्या. चहा न घेता, चपला घालून निघाले.

पुढचा दिवस गेला, त्याच्या पुढचाही. तिसऱ्या दिवशी मंजुश्रीबाई कुलूप लावून निघाल्या. सरांचं घर त्याच गल्लीच्या टोकाला होतं, पण वहिनी गेल्यावर त्या तिथं एकदाही गेल्या नव्हत्या. सरच यायचे, म्हणून जायची वेळच आली नव्हती. दार उघडंच होतं. बैठकीत एक खुर्ची, तिच्यासमोर दुसरं काही नाही. दोरीवर एकच टॉवेल. सर जमिनीवर बसून जुनी वर्तमानपत्रं तारखेनं लावत होते.

त्यांनी वर पाहिलं. "काऊन आलीस?"

"चहा प्यायला."

ते गडबडीनं उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. "दूध नाही गं घरात."

"कोरा चालेल," मंजुश्रीबाई म्हणाल्या, आणि ती एकुलती खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसल्या.